फॉल्ट एका दमात तयार होत नाही

कोयना खोऱ्यात लहानसा धक्का बसला की दुसऱ्या दिवशी फोनवर नकाशे फिरायला लागतात. सह्याद्रीचा हिरवा पट्टा, त्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचा निळा डाग आणि वरून पट्टीने मारल्यासारखी एक लाल रेषा. खाली लिहिलेलं असतं, ‘कोयना फॉल्ट’. मग लोक त्या रेषेपासून आपलं गाव किती लांब आहे ते बोटाने मोजतात. माझं घर पाटण तालुक्यात आणि पोटापाण्याचा धंदा खडकांचा. बोगदे आणि धरणांच्या पायांसाठी जमिनीत भोकं पाडतात, त्यातून निघालेले कोअर, म्हणजे खडकाचे लांब दंडगोल, तपासायचे, नोंदी करायच्या. त्यामुळे तो नकाशा माझ्याकडे चारी बाजूंनी येतो, आणि दर वेळी मला त्या लाल रेषेचा त्रास होतो. ज्या तुटीवर खडकाची एक बाजू दुसरीच्या मानाने सरकलेली असते, तिला फॉल्ट म्हणतात. फॉल्ट म्हणजे रेषा नव्हे. तो खडकात तुकड्यातुकड्याने वाढलेला असतो. तो कसा वाढला हे लक्षात घेतल्याशिवाय तो कुठे आणि किती तुटेल, यावर बोलण्यात काही अर्थ नाही.

सुरुवात साध्या भेगेपासून करतो. १९२० साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्लिश अभियंत्याने काचेवर प्रयोग करून एक मूलभूत गोष्ट दाखवली. अणूंमधल्या बंधांचा हिशेब केला तर काच फारच मजबूत असायला हवी. प्रत्यक्षात ती त्याच्या किती तरी कमी ताणाला तडकते, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा तिच्यात आधीपासून असतात आणि ताण त्या चिरांच्या टोकांशी एकवटतो. कापडवाला कात्रीने काठाला एवढासा छेद देतो आणि मग अख्खा वार हाताने टर्रकन फाडतो, तसंच ते. चीर जितकी लांब, तितका ती वाढवायला जोर कमी लागतो. म्हणून ती एकदा धावायला लागली की आपणहून थांबत नाही.

काचेचं हे ठीक आहे. पण जमिनीखाली खोलवर खडक ताणला जात नाही, चहूबाजूंनी दाबला जातो. पाच किलोमीटर खोलीवर नुसत्या वरच्या खडकाच्या वजनाचा दाबच १३० मेगापास्कलच्या आसपास भरतो, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेच्या दाबाच्या जवळपास १३०० पट. एवढ्या दाबात चिरा मिटून जातात. त्यातली एखादी चीर दाबाच्या दिशेला तिरकी असेल तर तिच्या दोन बाजू एकमेकींवर घसरू पाहतात. पण अशी चीर स्वतःच्या रेषेत पुढे धावत नाही. तिच्या दोन्ही टोकांना बाजूला वळणाऱ्या लहान भेगा फुटतात, त्या सर्वांत जास्त दाबाच्या दिशेला समांतर होतात आणि थोडं अंतर जाऊन थांबतात. बस्स. पुढे काही होत नाही.

या विषयात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. दाबाखालच्या खडकात एकटीदुकटी चीर फॉल्ट होऊ शकत नाही. तिला शेजारणी लागतात. असंख्य बारीक चिरा एकमेकींच्या जवळ याव्या लागतात, एकीमुळे दुसरीवरचा ताण वाढावा लागतो, मधला खडक दुबळा व्हावा लागतो, आणि मग त्या दुबळ्या पट्ट्यातून तिरका, सलग असा घसरता पृष्ठभाग तयार होतो. मोठा दिसणारा फॉल्ट म्हणजे मुळात असंख्य लहान अपयशांची जोडणी असते.

शिकत असताना हे प्रयोगशाळेत कानांनी ऐकलं आहे. ग्रॅनाइटचा ५४ मिलिमीटर व्यासाचा, त्याच्या दुप्पट लांबीचा दंडगोल घ्यायचा, दोन्ही टोकं आरशासारखी सपाट घासायची आणि दाबयंत्रात उभा ठेवायचा. चांगला ग्रॅनाइट चौरस मिलिमीटरला १५० न्यूटन सहज सोसतो. म्हणजे मनगटाएवढ्या त्या तुकड्यावर पस्तीस टनांच्या आसपास भार जातो. भार निम्म्यावर आला की आतून टक्, टक् असे बारीक आवाज यायला लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही, तुकडा अगदी शाबूत. आत मात्र ग्रॅनाइटच्या खनिजांत, म्हणजे फेल्डस्पारच्या पाटांमध्ये, क्वार्ट्झच्या कणांच्या कडांना, अभ्रकाच्या पापुद्र्यांशी चिरा उघडत असतात. त्या उघडल्यामुळे दाबला जाणारा तुकडा उलट किंचित फुगतो. १९६० च्या दशकात विल्यम ब्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फुगणं नीट मोजलं. आवाज दाट होत जातात, आणि मग एकदम धाडकन. बाजूने आधार नसेल तर उभ्या चिरफळ्या उडतात. पोलादी नळकांड्यात तेलाचा दाब देऊन बाजूंनी आवळून धरला असेल, तर रबरी वेष्टणातून तुकडा काढल्यावर त्यात भाराच्या दिशेशी तीसेक अंशांचा कोन करणारा एकच तिरका छेद दिसतो. दोन भाग सोडवले की मध्ये पांढरी, बोटाला लागणारी पूड असते. ती पूड आणि तो छेद मी तेव्हा बराच वेळ हातात धरून बसलो होतो. पाठ्यपुस्तकातला फॉल्ट पहिल्यांदा तिथे खरा वाटला.

अडचण अशी, की शेवटचं ‘धाडकन’ इतकं झटपट होतं की चिरा कधी आणि कुठे एकत्र आल्या ते बघायला मिळत नाही. १९९१ साली डेव्हिड लॉकनर यांच्यासह अमेरिकी आणि रशियन संशोधकांनी यावर फार सुंदर तोड काढली. त्यांनी ग्रॅनाइटच्या तुकड्यावर आवाज टिपणारे संवेदक बसवले आणि भार ठरावीक गतीने न वाढवता आवाजांच्या संख्येकडे बघून कमीजास्त केला. आवाज वाढले की भार लगेच उतरवायचा. त्यामुळे क्षणार्धात होणारी फाट कित्येक तास चालली. प्रत्येक आवाज तुकड्यात नेमका कुठून आला तेही काढता आलं. त्यात काय दिसलं? सुरुवातीला आवाज सगळ्या तुकड्यात विखुरलेले. मग ते एका जागी, कडेजवळ गोळा झाले. आणि तिथून चिरांचा एक दाट पट्टा तिरका पुढे सरकत तुकडा पार करून गेला. पट्ट्याच्या पुढच्या टोकाशी नवीन चिरा उघडतायत, त्याच्या मागे खडक चिरडून घसरतोय. फॉल्टला टोक असतं, त्या टोकापुढे खडकाची आधी नासधूस होते आणि त्या नासलेल्या खडकातून फॉल्ट पुढे जातो, हे त्या नोंदींमध्ये स्पष्ट उमटलं.

डोंगरात हेच घडतं, फक्त सुरुवात शून्यापासून होत नाही. निसर्गात कोरा खडक सापडणं कठीण. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात पॉल सेगल आणि डेव्हिड पोलार्ड यांनी १९८३ मध्ये ग्रॅनाइटमधल्या लहान फॉल्टचा अभ्यास मांडला. तिथले फॉल्ट मुळात फॉल्ट म्हणून जन्मलेच नव्हते. ते आधी नुसते सांधे, म्हणजे न सरकलेल्या भेगा होत्या. खडक ताणून उघडलेल्या, एकमेकींना समांतर, आणि गरम पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरलेल्या. पुढे दाबाची दिशा बदलली आणि तेच सांधे घसरायला लागले. त्यांच्या टोकांना तिरक्या भेगा फुटल्या, त्या शेजारच्या सांध्याला जाऊन मिळाल्या, आणि असे दोन-तीन-चार जोडले जाऊन लांब फॉल्ट तयार झाला. जुनं दुखणं सोडून खडक नव्या जागी सहसा मोडत नाही.

आपल्याकडे या बाबतीत एक घाई नेहमी दिसते. सह्याद्रीच्या कड्यात भेग दिसली की तिला फॉल्ट म्हणायचं. इथला बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, थंड होताना आकसतो आणि त्यात खांबांसारखे उभे सांधे पडतात. त्यांच्या दोन बाजू फक्त एकमेकींपासून दूर झालेल्या असतात, सरकलेल्या नसतात. फॉल्टमध्ये एक बाजू दुसरीच्या मानाने सरकलेली असावी लागते, आणि ते ओळखायला हात पुरतो. कुंभार्ली घाटात रस्त्याच्या कापात असे एक-दोन पृष्ठभाग आहेत. खडक पॉलिश केल्यासारखा गुळगुळीत, त्यावर बारीक समांतर ओरखडे आणि कॅल्साइट या खनिजाच्या नखाएवढ्या पायऱ्या. ओरखड्यांच्या दिशेने तळहात फिरवा. एकीकडे सुळकन जातो, उलट फिरवला की पायऱ्यांच्या कडा बोटांना अडतात. ज्या दिशेला हात सहज जातो, त्या दिशेला समोरची, आता झडून गेलेली बाजू सरकली. ओरखडे आडवे असतील तर सरकणं आडवं, उभे असतील तर उभं. विद्यार्थी सोबत असले की मी त्यांना आधी डोळे मिटून हात लावायला सांगतो.

फॉल्ट वाढतो म्हणजे दोन गोष्टी वाढतात, लांबी आणि सरकण. सरकण सगळीकडे सारखी नसते. मध्यावर सर्वांत जास्त, टोकांकडे कमी होत होत शून्य. जगभरच्या मोजमापांत एकूण सरकण लांबीच्या एका टक्क्याच्या आगेमागे सापडते, खडकाप्रमाणे दहापट इकडे किंवा तिकडे. आता हिशेब बघा. सहा-साडेसहा तीव्रतेच्या एका भूकंपात खडक सरकतो तो फार तर मीटरभर. ज्या फॉल्टची एकूण सरकण एक किलोमीटर आहे, त्याच्या पोटात असे हजारेक भूकंप साठलेले असतात. आपण ज्याला ‘भूकंप’ म्हणतो तो त्या वाढीतला एक दिवस.

वाढता वाढता दोन फॉल्ट जवळ आले की खरी गंमत सुरू होते. ते क्वचितच एका रेषेत असतात. बहुधा ते पायरीसारखे थोडे बाजूबाजूला असतात, त्यांची टोकं एकमेकांना ओलांडून पुढे गेलेली असतात, आणि मधल्या खडकाच्या पुलावर दोघांचाही ताण येतो. पूल वाकतो, त्यात आडव्यातिडव्या भेगा पडतात आणि एक दिवस तो तुटतो. त्या दिवसापासून दोन लहान फॉल्टचा एक मोठा फॉल्ट होतो आणि त्याची भूकंप करण्याची ताकदही मोठी होते. जून १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लँडर्सला ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याआधी नकाशांवर तिथे वेगवेगळ्या नावांचे फॉल्ट होते. फाट त्यातल्या पाचांवरून उड्या मारत गेली. जिथे पायरी लहान होती तिथे ती थांबली नाही. आडव्या सरकणीच्या फॉल्टांत पायरी चार-पाच किलोमीटरांहून रुंद असली की फाट सहसा तिथेच अडते. म्हणून मला नकाशावरच्या रेषांपेक्षा रेषांमधल्या मोकळ्या जागा बघायच्या असतात, आणि फोनवरच्या त्या नकाशांत नेमक्या त्याच नसतात.

आता कोयना. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. ६.३ तीव्रता, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर मोडून पडलं. आमच्या घरात त्या पहाटेबद्दल अजून हळू आवाजात बोलतात. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्यांना डोणिचावाड्याच्या बाजूला जमिनीत भेगा दिसल्या. पण सलग अशी एक भेग नव्हती. लहान लहान तिरक्या भेगा, एकीच्या बाजूला दुसरी, पायरीपायरीने उत्तर-ईशान्येकडे गेलेल्या. खाली खडक आडवा सरकला की वरच्या मातीत आणि सांध्यांनी भरलेल्या बेसाल्टमध्ये अशाच भेगा पडतात. खालच्या एका सरकणीची वर आल्यावर अशी फाटाफूट होते.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. कोयनेच्या भूकंपात खडकाची एक बाजू दुसरीच्या मानाने आडवी, डावीकडे सरकली. आणि आपले लाव्ह्याचे थर जवळजवळ सपाट आडवे आहेत. आडवे थर आडवेच सरकले तर कड्याकडे बघून काय दिसणार? थराला थर लागूनच राहतो. थर वरखाली झालेले दिसले की माणूस फॉल्ट ओळखतो. इथे ती खूणच मिळत नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे एक बाजू दुसरीवर चढली, तेव्हा शेतांत मीटरभराहून कमी उंचीचा का होईना, उंचवटा उमटला. त्या दिवसापर्यंत तिथला फॉल्ट कोणाच्या नकाशावर नव्हता.

मूळ फॉल्ट बेसाल्टमध्ये नाहीच, त्याच्या खाली आहे. कोयना भागातल्या गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, त्यात १२०० मीटरांहून जास्त बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस हा पट्टेदार खडक. बेसाल्टचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, खालचा ग्रॅनाइट अब्जावधी वर्षांचा. एवढ्या काळात त्या ग्रॅनाइटवर किती वेळा दाबाची दिशा बदलली असेल, किती सांधे उघडले, भरले, घसरले असतील! आज आपण ज्याला कोयना फॉल्ट म्हणतो, तो त्या जुन्या मोडतोडीतले काही तुकडे पुन्हा चालू झालेला प्रकार आहे. म्हणून तर १९६७ पासून आजवरचे धक्के एका रेषेवर बसत नाहीत, साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेले असतात, बहुतेक दहा किलोमीटरांहून कमी खोलीवर. वारणा धरणात १९८५ पासून पाणी साठायला लागलं आणि पुढे धक्के दक्षिणेकडे वारणेच्या बाजूलाही सरकले. तिथे सरकण्याची तऱ्हाही वेगळी, आडवी कमी आणि खाली घसरण्याची जास्त. एकच रेषा असती तर असं झालं नसतं.

माझी आत्या मोरगिरीकडे असते. तिने मला विचारलं होतं, “आरं, ती भेग आपल्या घराखालनं जाती का रं? आन् पाण्यानं पडली म्हंत्यात ती.” मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो. भेग पाण्याने पडलेली नाही, ती धरणाच्या कितीतरी आधीची आहे. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणातलं पाणी भोकाभोकांतून खाली पोचलं तरी त्याचा दाब जेमतेम एक मेगापास्कल, आणि खाली खडकावर शंभराहून जास्त मेगापास्कल आधीच बसलेले. एवढ्याशा वाढीव दाबाने फॉल्ट सरकतो, याचा अर्थ तो मुळातच सरकण्याच्या काठावर उभा होता. घर्षणाने धरून ठेवलेल्या दोन बाजूंना पाण्याचा दाब आतून किंचित दूर लोटतो, पकड सैल होते, आणि जे पुढे कधी तरी झालं असतं ते आज होतं. पावसाळ्यात जलाशय भरतो, उन्हाळ्यापर्यंत उतरतो, आणि धक्क्यांचं कमीजास्त होणं त्या चढउताराशी जोडलेलं आहे. पाण्याला खाली न्यायचं कामही फॉल्टच करतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंचा खडक चिरांनी भरलेला असतो. घराखालून जाते का, याचं उत्तर मी तिला असं दिलं, की आत्ते, एक भेग नाहीये ती, अख्खा पट्टा आहे, आपण सगळे त्या पट्ट्यावर राहतो, तेव्हा रेषा शोधण्यापेक्षा घराच्या भिंती आणि वरचे दगड बघू. दगडमातीच्या भिंतीवरचं जड छप्पर काढून हलकं केलं, कोपरे बांधून घेतले.

हा पट्टा कोअरमध्ये कसा दिसतो ते सांगतो. फॉल्ट जवळ आला हे माझ्याआधी ड्रिलरला कळतं. रॉड थरथरायला लागतात, मग एकदम भराभर खाली जातात, आणि वर येणारं पाणी गायब होतं. “साहेब, पाणी खाल्लं,” अशी हाक येते. कोअर बॉक्समध्ये त्या मीटरची लांबी भरत नाही. हातभर लांब सलग तुकडे येत असतात, ते आधी वीतभर होतात, मग बोटाएवढे, मग नुसती खडी, आणि मध्यभागी राखाडी, ओली, चिकणमातीसारखी पूड. तीच ती प्रयोगशाळेतली पांढरी पूड, हजारो वेळा दळलेली आणि पाण्याने कुजलेली. मग पुन्हा खडी, पुन्हा बोटं, पुन्हा सलग खडक. मधली पूड कधी इंचभर असते, पण दोन्ही बाजूंचा भेगाळलेला खडक कितीतरी मीटर जातो. तो सगळा मिळून फॉल्ट. नोंदीत मी पूड जिथे आहे तिथला आकडा एका ओळीत लिहून मोकळा होत नाही. भेगा दाट व्हायला कुठे लागल्या आणि विरळ कुठे झाल्या, दोन्हींची खोली लिहितो. बोगद्यात पाणी आणि ढासळ येते ती बहुधा त्या कडेच्या खडकातून.

आणि त्या तुकड्यांना भिंगाखाली धरलं की कळतं, फॉल्ट तुटतो तसा सांधलाही जातो. दोन भूकंपांमधल्या काळात भेगांतून फिरणारं गरम पाणी कॅल्साइट, क्वार्ट्झ, क्लोराइट अशी खनिजं सोडत जातं आणि खडक पुन्हा जोडला जातो. कधी कधी एकाच तुकड्यात पांढरी शीर, तिला कापून गेलेली हिरवट शीर, आणि त्या दोघींना तोडून गेलेली तिसरी कोरी भेग, असा क्रम दिसतो. तुटलं, सांधलं, शेजारून पुन्हा तुटलं, पुन्हा सांधलं. जोड पक्का झाला की पुढची भेग त्याच्या बाजूच्या कमजोर खडकातून जाते आणि पट्टा आणखी रुंद होतो. असा तुकडा हाती आला की मी तो बॉक्समध्ये उलटा पडू देत नाही, वरची दिशा खुणेने लिहून ठेवतो, कारण कोणती शीर आधीची हे ठरवताना एकेक कड महत्त्वाची असते.